मेदवृद्धी आणि साधे ताट

पूर्वी आरोग्याविषयी काही लिहावयाचे म्हटले, म्हणजे साथीचे रोग, दूषित पाणी आणि बालकांचे कुपोषण हेच विषय प्रथम लेखणीखाली येत. ते विषय संपले असे नव्हे. परंतु त्यांच्या जोडीला आज एक निराळाच प्रश्न येऊन बसला आहे. तो म्हणजे मेदवृद्धीचा, साध्या भाषेत सांगावयाचे तर वाढत्या पोटाचा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील सुमारे ३६ टक्के स्त्रिया आणि सुमारे ३३ टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक असल्याचे आढळून आले. संपूर्ण देशाचा विचार करता हेच प्रमाण स्त्रियांत २४ टक्के आणि पुरुषांत सुमारे २३ टक्के एवढे होते. वजनामागोमाग येणाऱ्या व्याधींचे चित्रही तसेच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक दिसून आले. दर चार प्रौढांमागे एकाहून किंचित अधिक, असा या आकड्याचा अर्थ होतो.

या प्रश्नावर उपाय सुचविणाऱ्यांची वाण नाही. कोणी भात वर्ज्य करावयास सांगतो, कोणी केवळ फळांवर राहावयास सांगतो, कोणी दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खावे म्हणतो, तर कोणी दोनच वेळा खावे असा आग्रह धरतो. परदेशी धान्ये, परदेशी बिया आणि डब्यांतून मिळणारी चूर्णे यांचाही बाजार तेजीत आहे. इतके सल्ले ऐकून सामान्य माणूस गोंधळून जातो, चार दिवस एक पथ्य पाळतो, पाचव्या दिवशी ते मोडतो आणि महिन्याने दुसरे सुरू करतो. वजनाचा काटा मात्र आपल्या जागी स्थिर असतो. प्रस्तुत लेखात या सर्व पद्धतींचा तौलनिक विचार करण्याचा हेतू नाही. त्यांतील बहुतेकींचा जो भाग खरोखर गुण देतो तो एकच आहे आणि तो फुकट मिळतो, एवढे दाखवावयाचे आहे. तो भाग म्हणजे आहारातील साधेपणा.

साधे याचा अर्थ बेचव असा नव्हे, आणि अपुरे असा तर मुळीच नव्हे. ताटात मोजके पदार्थ असावेत. ते शक्यतो घरी शिजविलेले असावेत. त्यांत काय घातले आहे हे खाणाऱ्यास ठाऊक असावे. आणि ते दिवसातून ठरलेल्या वेळीच घ्यावेत, एवढाच येथे साधेपणाचा अर्थ आहे. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्याच्या वेळी गांधीजींनी चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ न घेण्याचे व्रत घेतले होते. त्यामागील हेतू वजन उतरविण्याचा नव्हता, आणि सामान्य प्रापंचिकाने तितके कडक व्हावे असेही कोणी म्हणणार नाही. परंतु आदल्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत आपल्या पोटात किती निरनिराळे पदार्थ गेले, याची मोजदाद वाचकांनी एकदा कागदावर करून पाहावी. चहाबरोबरचे बिस्किट आणि सहकाऱ्याच्या डब्यातील घास धरून ती संख्या वीस-पंचविसांच्या घरात जाते, असे अनेकांच्या प्रत्ययास येईल.

पोट भरते, पण जीभ भरत नाही

पदार्थांची संख्या वाढली म्हणजे खाणे का वाढते, हे लग्नाच्या पंगतीत बसलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. भाताचा तिसरा वाढा आला की आपण ताटावर आडवा हात धरतो आणि मनापासून ‘पुरे’ म्हणतो. ते खोटे नसते. मात्र पाठोपाठ जिलबी आली की तो हात आपोआप बाजूला होतो. पोटात जी जागा क्षणापूर्वी नव्हती ती कोठून आली? शास्त्रज्ञांनी याचा उलगडा असा केला आहे की, तृप्ती ही केवळ पोटाची नसते, ती प्रत्येक चवीची स्वतंत्र असते. एकच पदार्थ खात गेल्यास त्याची गोडी घासागणिक कमी होते. चव, रंग किंवा पोत बदलला की भूक पुन्हा जागी होते. बार्बरा रोल्स या संशोधिका व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही जणांना एकाच प्रकारचे सारण घातलेली सँडविचे दिली, आणि दुसऱ्या वेळी चार निरनिराळ्या सारणांची दिली. चार प्रकार पुढे आले तेव्हा तीच माणसे सुमारे एक तृतीयांश अधिक खाऊन गेली.

मनुष्यप्राण्याच्या पूर्वेतिहासात हा गुण उपकारकच ठरला असावा. रानावनात हिंडून अन्न गोळा करणाऱ्यास एकाच कंदावर न राहता पाने, फळे, मासे असे निरनिराळे खाण्याची प्रेरणा त्यातून मिळाली. परंतु ज्याच्या दारात सकाळी पाव, कार्यालयाखाली भजी, वाटेवर मिठाई आणि घरी पाकिटातील फरसाण बारमाही हजर आहे, त्याच्या बाबतीत तीच प्रेरणा घातक ठरते.

या संदर्भात अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग अभ्यसनीय आहे. वीस प्रौढ व्यक्तींना चार आठवडे संस्थेतच ठेवण्यात आले. त्यांपैकी दोन आठवडे त्यांना कारखान्यात तयार होणारे, अनेक प्रक्रिया झालेले अन्न देण्यात आले आणि दोन आठवडे साधे, मूळ स्वरूपातील जिन्नस शिजवून दिलेले अन्न देण्यात आले. दोन्ही प्रकारच्या जेवणात समोर ठेवलेले उष्मांक, साखर, चरबी व चोथा यांचे प्रमाण सारखे राखले होते, आणि वाटेल तेवढे खाण्याची मुभा होती. कारखान्यातील अन्न असताना ही मंडळी दररोज सुमारे ५०० उष्मांक अधिक खात राहिली. दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ९०० ग्रॅमच्या आसपास वाढले. साध्या अन्नावर असताना ते जवळजवळ तितकेच उतरले. त्यांना कोणी उपाशी राहावयास सांगितले नव्हते, मोजून वाढलेही नव्हते. कारखान्यातील अन्न ती अधिक वेगाने खात होती, हेही या प्रयोगात नोंदले गेले. मऊ आणि चावण्याचे श्रम न पडणारे अन्न पोटाची सूचना मेंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच संपून जाते.

कोणत्या अन्नाने पोट अधिक काळ भरलेले राहते, याचाही शोध घेतला गेला आहे. सिडनी येथील विद्यापीठात १९९५ साली सुझाना होल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अडतीस पदार्थांची सारख्याच उष्मांकांची वाढणी देऊन तुलना केली. त्या यादीत पहिला क्रमांक उकडलेल्या बटाट्याचा लागला आणि दुसरा मासळीचा. केक, तळलेली गोड वडी आणि लोण्याचे थर दिलेला पाव हे तळाशी राहिले. उकडलेला बटाटा बिचारा वजन वाढवितो म्हणून बदनाम आहे. तो तेलात तळला गेल्यावर त्याचे जे होते, त्याचा दोष त्याच्या माथी मारला गेला, एवढेच.

जुन्यांचे अनुभव

हा विचार आजचा नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूलतेच्या लक्षणांचे आणि उपचारांचे विवेचन आहे. पोटास जड वाटेल, परंतु शरीरास फार पुष्टी देणार नाही असे अन्न स्थूल माणसास द्यावे, असा तेथील उपदेशाचा आशय असून जव, मूग, कुळीथ यांसारखी धान्ये-कडधान्ये त्यासाठी सांगितली आहेत. आज ज्याला आपण चोथ्याने भरलेला आणि उष्मांकांनी हलका आहार म्हणतो, त्याच्याशी हा उपदेश किती जुळतो ते वाचकांच्या ध्यानी येईल.

पाश्चात्त्य देशांतील एक उदाहरण तर मोठे उद्बोधक आहे. विल्यम बँटिंग हे लंडन येथील एक गृहस्थ. प्रेतसंस्काराचे साहित्य पुरविण्याचा त्यांचा प्रतिष्ठित व्यवसाय होता. वयाची साठी उलटल्यावर त्यांना स्वतःच्या बुटाच्या नाड्या बांधता येईनात. जिना उतरताना ते पाठमोरे उतरत, कारण गुडघ्यांवर भार सहन होत नसे. नौकानयन, समुद्रस्नान, उपासमार, औषधी पाण्याची स्नाने असे अनेक उपाय करून झाले. अखेर विल्यम हार्वी नावाच्या वैद्याने त्यांना पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे हे सोडून इतर साधे जेवण घ्यावयास सांगितले. १८६२ साली त्यांचे वजन २०२ पौंड होते. वर्षभरात ते सुमारे ४६ पौंडांनी, म्हणजे जवळजवळ २१ किलोग्रॅमनी उतरले. १८६३ साली त्यांनी आपला अनुभव स्वखर्चाने एका छोट्या पुस्तिकेत छापून प्रसिद्ध केला. त्या पुस्तिकेचा एवढा बोलबाला झाला की त्यांच्या आडनावावरून इंग्रजीत पथ्य करण्याला एक क्रियापदच रूढ झाले. बँटिंग यांच्या आहारातील प्रत्येक गोष्ट आज अनुकरणीय मानता येणार नाही. त्यात मांस भरपूर होते आणि मद्याचे पेलेही होते. परंतु सहा नावांची एक यादी पाठ झाली, आणि दररोज नव्याने विचार करण्याची गरज उरली नाही, यातच त्यांच्या यशाचे मर्म असावे असे वाटते. ज्या पथ्याला तराजू, कोष्टक आणि वही लागते, ते पहिल्याच पाहुण्याबरोबर घराबाहेर पडते.

शीत-कडी आणि खुर्ची

आता आपल्या ताटाकडे वळू. गोमंतकीयांचे रोजचे जेवण मुळात साधेच आहे. भात, माशांचे हुमण, एखादी हंगामी भाजी, क्वचित तळलेला तुकडा आणि शेवटी सोलकढी. यालाच येथील बोलीत ‘शीत-कडी’ म्हणतात. एवढ्या साध्या जेवणावर पिढ्यान् पिढ्या काटक राहिल्या, मग आज त्याच जेवणावर पोटे का सुटतात, असा प्रश्न अनेक जण विचारतात आणि तो रास्त आहे.

याचे उत्तर ताटाबाहेर शोधावे लागते. खाजन शेतात उजाडताच उतरलेला माणूस दहाच्या सुमारास बांधावर बसून उकड्या तांदळाची पेज पीत असे. तोंडी लावावयास सुक्या बांगड्याचा भाजलेला तुकडा किंवा चेपणीच्या आंब्याची फोड. दुपारी तो भाताचा डोंगर संपवी आणि पुन्हा चिखलात उतरे. घरातील स्त्री विहिरीचे पाणी ओढी, भात कांडी, रगड्यावर खोबरे वाटी. त्या श्रमांना तेवढा भात लागतच असे. आज नांगर गेला, रगडा गेला, विहीर आडबाजूस पडली. मात्र भाताचा डोंगर ताटात तसाच राहिला. खुर्चीवर आठ तास बसणारा कारकून आपल्या आजोबांच्या मापाने जेवतो, आणि वर आजोबांना ठाऊक नसलेले चार पदार्थ मधल्या वेळात खातो.

मापाचा हिशेब अवघड नाही. शिजलेल्या भाताच्या एका मध्यम वाटीत सुमारे १३० उष्मांक असतात. दुपारी चार वाट्या भात घेणाऱ्याने दोन घेतल्या तर २६० उष्मांक वाचतात. कार्यालयात चार कप चहा, आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, असा क्रम असेल तर ती साखर दिवसाला ४० ग्रॅम होते आणि तिचे उष्मांक १६० होतात. कपाला अर्धाच चमचा घेतल्यास त्यांतील १२० वाचतात. सायंकाळचे मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम शेव-फरसाण २५० उष्मांकांहून अधिक असते. या तीन गोष्टींची बेरीज सहाशेच्या वर जाते. शरीरातील एक किलोग्रॅम चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांकांचा साठा, असे ढोबळ मानाने धरतात. त्यावरून आठवड्याला अर्धा किलोग्रॅम वजन उतरविण्यास दररोज सुमारे ५५० उष्मांकांची तूट पुरते. प्रत्यक्षात हा वेग पुढे मंदावतो, कारण हलक्या झालेल्या शरीराला उष्मांकही कमी लागतात. हे आधी ठाऊक असले म्हणजे तिसऱ्या महिन्यात निराशा येत नाही.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत ताटाचा निम्मा भाग भाज्या व फळे यांनी व्यापावा असे सुचविले आहे. आपल्याकडे भाजी ही तोंडी लावण्यापुरती, डाव्या बाजूस चमचाभर वाढण्याची रीत आहे. ती उलटावयास हवी. भाताच्या जागी भाजी यावी आणि भाजीच्या जागी भात जावा, एवढा एकच फेरबदल प्रथम करून पाहावा. तांबडी भाजी, दोडका, दुधी, सात शिरांची भेंडी, आगशीची वांगी यांना आपल्याकडे तोटा नाही. पावसाळ्यात टायकिळा, तेरे, फागला अशा रानभाज्या येतात. भाज्या रोज निराळ्या असाव्यात; वर सांगितलेला चवींच्या विविधतेचा नियम येथे आपल्या उपयोगी पडतो. मात्र एका वेळी एक भाजी पुरेशी पातळ अथवा सुकी करून वाटीभर खावी; तीन भाज्या चमचा चमचा खाण्यात ना पोट भरते ना स्वयंपाक आटोपतो.

मासळीच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. बांगडा, तारले यांसारखी मासळी प्रथिनांनी समृद्ध आहे, हृदयास हितकारक अशी स्निग्धता तीत आहे, आणि इसवण-पापलेटांच्या मानाने ती खिशालाही परवडते. अडचण मासळीत नाही, तव्यावरील तेलात आहे. रवा लावून तळलेला तुकडा तेल चांगलेच शोषून घेतो. रोज तळण्याऐवजी हुमण, सुके अथवा चुलीवर भाजलेला बांगडा घ्यावा आणि तळलेला तुकडा रविवारी ठेवावा. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात पुरुमेताची सुकी मासळी निघते. तीत मीठ पुष्कळ असल्याने रक्तदाबाच्या रुग्णांनी ती बेतानेच घ्यावी आणि कुळीथ, मूग, अळसांदे यांच्या उसळींवर भर द्यावा.

नारळाविषयी स्पष्ट बोलावयास हवे, कारण त्यावाचून येथील स्वयंपाकाची कल्पनाच करता येत नाही. ओल्या खोबऱ्याच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग निव्वळ चरबीचा असतो. नारळ सोडा, असा सल्ला कोणी दिला तर तो पाळला जाणार नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. एका जेवणात नारळाचा एकच पदार्थ, असा दंडक घरात घालून घ्यावा. हुमणात नारळ असेल तर भाजीवर खोबरे भुरभुरू नये, आणि कढी नारळाचे दूध न घातलेली, म्हणजे फुटी कढी करावी. आमसुलाची ती तांबडी, पातळ, हिंग-लसणीची कढी जेवणाच्या शेवटी कोणत्याही सोलकढीइतकीच समाधान देते. निदान प्रस्तुत लेखकाचे मत तसे आहे.

तेलाचे मोजमाप चमच्याने होत नाही, बाटलीनेच होते. वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला २,००० उष्मांकांच्या आदर्श ताटात सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. चार प्रौढ माणसांच्या घराला महिन्याला साडेतीन लिटर, असा त्याचा हिशेब होतो. वजन उतरवावयाचे असेल, आणि स्वयंपाकात नारळही असेल, तर याहून बरेच कमी पुरावे. महिन्याच्या पहिल्या तारखेस किती बाटल्या आणल्या आणि त्या केव्हा संपल्या, एवढे दिनदर्शिकेवर लिहून ठेवणारी गृहिणी अथवा गृहस्थ तीन महिन्यांत वस्तुस्थिती ओळखतो. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये आकाशवाणीवरील आपल्या कार्यक्रमात प्रत्येक घराने तेल दहा टक्क्यांनी कमी करावे असे आवाहन केले, त्याची अंमलबजावणी बाटल्या मोजल्यावाचून होणे कठीण आहे.

मधल्या वेळच्या खाण्याला मात्र सवलत देण्याचे कारण दिसत नाही. सकाळी पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला की ताजा पाव घरात येतो, तो ठीक. कोंड्याची पोयी आणि वाटीभर पातळभाजी ही चांगली न्याहारी आहे. परंतु तोच पाव अकरा वाजता कटलेटाबरोबर, चार वाजता मिरची-भज्यांबरोबर आणि रात्री घरी परतताना गाड्यावरील रोस आम्लेटाबरोबर पुन्हा पोटात जातो, आणि त्यातील एकही खाणे जेवण म्हणून मोजले जात नाही. मद्य घेणाऱ्यांनी त्याचाही हिशेब धरावा: साठ मिलिलिटर काजू फेणीत केवळ मद्यार्काचेच सुमारे १४० उष्मांक असतात, आणि तिच्याबरोबर येणारे खारे-तळलेले पदार्थ वेगळेच.

घरातील स्त्रीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, आणि पाहणीतील आकडे स्त्रियांच्या बाबतीत अधिक का, याचे एक कारण तीत असू शकेल. मुलाने टाकलेला अर्धा पाव, पातेल्यात उरलेला दोन डाव भात, संपता संपत नसलेली कढी हे सर्व ‘वाया जाऊ नये’ म्हणून तिच्या पोटात जाते. अन्नाविषयीची ही आस्था थोर आहे. परंतु उरलेला भात दुसऱ्या दिवशीच्या पेजेत किंवा फोडणीत खर्ची पडू शकतो. पातेले स्वच्छ करणे हे कोणाच्याही पोटाचे काम नव्हे. शिजविताना मूठभर तांदूळ कमी घेणे हा त्याहून सोपा मार्ग आहे.

उपवास, सण आणि अतिरेक

उपवासाने वजन उतरते, असा समज दृढ आहे. दुपारच्या जेवणाऐवजी ताक आणि एखादे फळ घेतले तर तसे होईलही. प्रत्यक्षात साबुदाण्याची खिचडी, त्यात शेंगदाण्याचे कूट आणि तूप, वर तळलेले वेफर आणि रताळ्याचा गोड कीस असा बेत असतो. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही. सणांचे तसे नव्हे. चतुर्थीच्या नेवऱ्या आणि मोदक, नाताळातील बेबिंका आणि दोदोल, जत्रेतील खाजे यांचा त्याग करून कोणी आनंदी झाल्याचे ऐकिवात नाही. सण वर्षातून मोजकेच येतात. त्या दिवशी मनसोक्त खावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या ताटावर यावे. खरी हानी सणाची नसते. सणानंतर पंधरा दिवस डब्यात उरलेल्या फराळाची असते. तो शेजारीपाजारी वाटून टाकण्याची जुनी पद्धत आरोग्याच्या दृष्टीनेही शहाणपणाची होती.

साधेपणाचा अतिरेकही होतो. केवळ काकडी, केवळ दूध, केवळ कोबीचे पाणी असे एकसुरी आहार घेणाऱ्यांचे वजन आरंभी झपाट्याने उतरते, परंतु त्यातील बराच भाग पाण्याचा व स्नायूंचा असतो. नेहमीचे जेवण सुरू होताच ते परत येते, आणि पुष्कळदा व्याजासह येते. प्रौढ व्यक्तीने दिवसाला १,००० उष्मांकांच्या खाली आपल्या मनाने जाऊ नये. प्रत्येक जेवणात मासळी, अंडे, कडधान्य अथवा दही यांपैकी काही तरी असलेच पाहिजे. नुसत्या पेजेवर वजन उतरेल, पण शक्तीही उतरेल. गर्भवती व स्तनदा माता, वाढीच्या वयातील मुले आणि वृद्ध यांनी असे प्रयोग करू नयेत. मधुमेहावर इन्सुलिन अथवा गोळ्या घेणाऱ्यांनी भात निम्मा करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. औषधाची मात्रा तशीच राहिली आणि जेवण घटले, तर रक्तातील साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. तसेच आहारात काहीही बदल न करता ज्याचे वजन आपोआप उतरू लागले आहे, त्याने आनंद न मानता त्वरित तपासणी करून घ्यावी. २०२५ पासून भूक मंदावून वजन उतरविणारी नवी इंजेक्शने आपल्या देशात उपलब्ध झाली आहेत. ती कोणास द्यावीत हा वैद्यकीय निर्णय आहे. ती घेणाऱ्यालाही काय जेवावे हा प्रश्न उरतोच.

आपले वजन अधिक आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी आरशापेक्षा मोजपट्टी अधिक विश्वासू आहे. उंची मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करावा, आणि किलोग्रॅममधील वजनाला त्या संख्येने भागावे. उत्तर २३ अथवा त्याहून अधिक आल्यास भारतीयांच्या बाबतीत ते अतिरिक्त वजन, आणि २५ च्या पुढे गेल्यास स्थूलता समजतात. उदाहरणार्थ, १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन ६२ किलोग्रॅमच्या आसपास राहावे; ६८ च्या पुढे गेल्यास त्याने उशीर लावू नये. (वर दिलेल्या राष्ट्रीय पाहणीतील आकडे २५ ही सीमा धरून काढलेले आहेत. २३ ची सीमा धरली असती तर ते आणखी वर गेले असते.) कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरांच्या आत असावा. किरकोळ अंगकाठीच्या माणसाचेही पोट सुटलेले असू शकते, आणि मधुमेह व हृदयविकार यांच्या दृष्टीने पोटातील चरबी ही विशेष घातक असते.

वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर करावे. रोजच्या रोज काट्यावर उभे राहिल्यास पाण्याच्या चढउताराने किलोभराचा फरक दिसतो आणि मन विनाकारण हेलकावे खाते. घरी काटा नसल्यास नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन वजन करून घ्यावे, आणि त्याच फेरीत रक्तदाब व रक्तातील साखरही तपासून घ्यावी. चाळिशी उलटलेल्यांनी, आणि ज्यांच्या आईवडिलांपैकी कोणास मधुमेह आहे अशा तरुणांनी, ही तपासणी वर्षातून एकदा तरी करावी.